जेद्दा किती दूर?

मुंबईपासून जेद्दा किती दूर आहे, असे कुणी विचारले तर तुम्ही काय सांगाल? उर्दूत आपण या शहराला जद्दा म्हणतो, मराठी वर्तमानपत्रांत जेद्दा असे छापतात. नाव कसेही लिहा, आपल्या रायगड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत ते रोज घेतले जाते. कुणाचे वडील तिथे गाडी चालवतात, कुणाचे मामा दुकानात कामाला आहेत, कुणाची आजी हजला जाऊन आली आहे. तरीही या साध्या प्रश्नाचे उत्तर घरोघरी वेगळे मिळते. कुणी म्हणतो, साडेतीन हजार किलोमीटर. कुणी म्हणतो, पाच तास. ज्या घरातला कर्ता माणूस तिथे नोकरीला आहे, त्या घरातली मुले म्हणतात, दोन वर्षे. कारण त्यांच्या वडिलांना दोन वर्षांतून एकदाच सुट्टी मिळते.

तिन्ही उत्तरे खरी आहेत. ती कशी, हे आपण हिशेब करूनच पाहू. पाटी-पेन्सिल जवळ असू द्या.

प्रथम अंतर. नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजायची आपल्याला सवय असते. पण पृथ्वी गोल आहे आणि नकाशाचा कागद सपाट. म्हणून शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि एक दोरा घ्या. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे जेद्दावर ठेवून तो ताणून धरा. ताणलेला दोरा जिथून जातो तो सर्वांत जवळचा मार्ग. या मार्गाने मुंबई ते जेद्दा अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर भरते. दोरा अरबी समुद्र ओलांडतो, ओमानवरून जातो आणि अरबस्तानचे वाळवंट आडवे कापून तांबड्या समुद्राच्या काठाला पोहोचतो. (हाच दोरा मुंबई ते न्यूयॉर्क ताणून पाहा. तो पश्चिमेला सरळ न जाता उत्तरेकडच्या थंड प्रदेशांवर चढतो. माझ्या वर्गातल्या मुलांना हे पहिल्यांदा खोटेच वाटते.)

जहाजाला मात्र वाळवंट ओलांडता येत नाही. त्याला अरबी समुद्रातून एडनच्या आखातात, तिथून बाबुल मंदबच्या सामुद्रधुनीतून तांबड्या समुद्रात शिरावे लागते. बाब म्हणजे दार, हे तुम्हांला सांगायला नको. या दाराने वळसा घेऊन जाणारा मार्ग सुमारे २,३०० सागरी मैलांचा आहे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. गुणाकार करा. उत्तर ४,२६० किलोमीटरच्या आसपास येईल. म्हणजे जहाजाचा मार्ग विमानापेक्षा साडेसातशे किलोमीटर लांबचा आहे.

माझे दादाजान याच मार्गाने गेले होते. साल १९७८. आमच्याकडे भातकापणीचे दिवस होते. आमची भिवपुरी मध्य रेल्वेच्या मार्गावर नेरळ आणि कर्जत यांच्या मधल्या पट्ट्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. दादाजान पेटी, वळकटी आणि भाजलेल्या पिठाचा डबा घेऊन लोकलने मुंबईला गेले, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात काही दिवस राहिले आणि मग बंदरावरून बोटीत बसले. त्या काळी हजच्या बोटी मुघल लाइन या कंपनीच्या असत. ही कंपनी १८७७ सालापासूनची. बोटीचा वेग ताशी १२-१३ सागरी मैल धरला, तर २,३०० सागरी मैलांना १८० तासांच्या आसपास लागतात. म्हणजे साडेसात दिवस. दादाजान म्हणत, "आठव्या दिवशी जद्दा दिसले." त्यांची आठवण आणि आपला भागाकार यांचा मेळ बसतो, याचे मला नेहमी समाधान वाटते.

त्या आठ दिवसांबद्दल ते पुष्कळ सांगत. पहिले तीन दिवस त्यांना समुद्र लागला. चौथ्या दिवशी भूक लागली. शेजारच्या बिछान्यावर मराठवाड्यातले एक शेतकरी होते, त्यांच्याशी त्यांची जन्मभराची दोस्ती झाली. यलमलमच्या समोर बोट आली की भोंगा वाजे आणि लोक एहराम बांधत. त्यासाठी सवड भरपूर असे, कारण बोट ताशी २४ किलोमीटरने चालली होती, म्हणजे जोरात चालवलेल्या सायकलीइतकी. आता विमान ताशी ८०० ते ९०० किलोमीटर वेगाने जाते. मिनिटाला १४ किलोमीटर! मीकातची जागा खालून केव्हा सरली हे कळतही नाही. म्हणून विमानात आधीच सूचना देतात, आणि पुष्कळ लोक मुंबईहून निघतानाच एहराम बांधून घेतात. वेग वाढला की तयारी आधी करावी लागते.

मुंबईहून जेद्दाला जाणाऱ्या हजच्या बोटी १९९५ साली बंद झाल्या. शेवटच्या वर्षांत या मार्गावर 'अकबरी' नावाची बोट होती. त्यानंतर सगळे हाजी विमानानेच जाऊ लागले.

आता विमानाकडे येऊ. आपल्या देशातल्या विमानवाहतुकीशी आमच्या भिवपुरीचे एक लांबचे नाते आहे. भिवपुरीला टाटांचे वीजघर आहे. घाटमाथ्यावरच्या धरणाचे पाणी नळांतून खाली आणून १९२२ सालापासून तिथे वीज तयार होते. याच टाटा घराण्यातल्या जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपालाच्या पिशव्या घेऊन एक लहानसे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहू येथे उतरवले. सकाळी निघालेले विमान दुपारी पोहोचले. पुढे ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघाले. तेही कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले. आज मुंबईहून लंडनला विमान कुठेही न थांबता जाते आणि जेद्दा तर त्याच्या निम्म्या अंतरावर आहे.

मग जेद्दाला किती वेळ लागावा? ३,५०० भागिले ८५०. उत्तर सुमारे ४ तास ७ मिनिटे. पण तिकीट पाहाल तर जाताना सव्वापाच तासांच्या आसपास वेळ दिलेला असतो. हा वाढीव तास कुठून आला?

थोडा वेळ जमिनीवर जातो. विमान जागेवरून सुटते, धावपट्टीपर्यंत चालत जाते, पुढच्या विमानांच्या मागे रांगेत उभे राहते. चढताना आणि उतरताना त्याचा वेग कमी असतो. आकाशातही त्याला आखून दिलेल्या वाटांनीच जावे लागते, आपल्या दोऱ्यासारखे सरळ जाता येत नाही. आणि मग वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर हिवाळ्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. समजा वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटर आहे. जाताना तो समोरून येतो, तेव्हा विमान जमिनीच्या हिशेबाने ताशी ७५० किलोमीटरच जाते आणि ३,५०० किलोमीटरला ४ तास ४० मिनिटे लागतात. येताना तोच वारा पाठीमागून ढकलतो. वेग ९५० होतो आणि वेळ ३ तास ४१ मिनिटे. अंतर तेच, विमान तेच, आणि फरक एका तासाचा. नदीच्या प्रवाहात होडी चालवण्याची गणिते तुम्ही सोडवली आहेत. हे तेच गणित आहे, फक्त नदी हवेची आहे.

आमच्या शेजारच्या एका खालांना याहून मोठा प्रश्न पडला होता. त्या उमरा करून आल्या आणि मला म्हणाल्या, "बाबा, जाताना विमान दहाला सुटलं आणि पाऊणला पोचलं. येताना रात्री अकराला सुटलं ते सकाळी सहाला पोचलं. येताना विमान एवढं हळू का चालवतात?" त्यांच्या घड्याळाप्रमाणे जाताना पावणेतीन तास आणि येताना सात तास झाले होते. त्या काही चुकीचे सांगत नव्हत्या. तिकिटावर त्याच वेळा छापल्या होत्या.

उलगडा असा आहे. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते, सौदी अरबची ४५ अंशांवरून. फरक ३७.५ अंशांचा. एका अंशाला सूर्याला ४ मिनिटे लागतात, म्हणून ३७.५ गुणिले ४, म्हणजे १५० मिनिटे. अडीच तास. मुंबईत सकाळचे दहा म्हणजे जेद्दात साडेसात. साडेसातला सव्वापाच तास मिळवा, पाऊण वाजतो. येताना जेद्दात रात्रीचे अकरा म्हणजे मुंबईत दीड. दीडमध्ये साडेचार तास मिळवा, सहा वाजतात. खालांना मी हे कागदावर काढून दाखवले. त्यांनी कागद नीट पाहिला आणि म्हणाल्या, "म्हणजे अडीच तास तिकडे ठेवून आले!" मला ही भाषा आमच्या पुस्तकातल्या भाषेपेक्षा जास्त आवडली.

इथपर्यंतचे गणित सोपे आहे. आता जे सांगतो ते कुठल्याही पुस्तकात सोडवून दिलेले नाही.

माझे भाईजान जेद्दात एसी दुरुस्तीचे काम करतात. २०११ सालच्या जानेवारी महिन्यात, एका गुरुवारी रात्री साडेनऊ वाजता, आमचे अब्बा वारले. नेरळच्या एका लाकडाच्या वखारीत ते आयुष्यभर हिशेब लिहीत आले होते. आजार लांबलेला नव्हता. संध्याकाळी छातीत दुखू लागले आणि कर्जतच्या दवाखान्यातून आम्ही त्यांना तसेच परत आणले. मी भाईजानना फोन केला तेव्हा तिथे संध्याकाळचे साडेसात वाजले होते.

मी तेव्हा कॉलेजात होतो. रडत रडतही माझ्या मनाने हिशेब केला. रात्री अकराचे विमान मिळाले, तर शुक्रवारी सकाळी सहाला मुंबई. विमानतळाबाहेर पडायला सव्वासात. रिक्षाने घाटकोपर, तिथून कर्जत लोकल. दहाच्या आत घरी. दफन जुमाच्या नमाजानंतर ठरले होते. म्हणजे भाईजान तीन-साडेतीन तास आधी पोहोचत होते. गणित बरोबर होते. मी ते चार वेळा तपासले.

पण भाईजानांचा पासपोर्ट त्यांच्या मालकाच्या ऑफिसात कपाटात होता. त्या काळी तिथे नोकरी करणाऱ्या माणसाला देशाबाहेर पडायचे, तर मालकाची संमती आणि जाऊन परत येण्याचा परवाना लागे. सौदी अरबमध्ये तेव्हा गुरुवार आणि शुक्रवार ही सरकारी सुट्टी असे (शुक्रवार-शनिवार सुट्टी २०१३ पासून सुरू झाली). ऑफिस बंद, सरकारी कचेरी बंद. मालक माणूस वाईट नव्हता. त्याने फोनवरच दिलासा दिला आणि शनिवारी सकाळी स्वतः जाऊन कागद करून आणले. पण मध्ये शुक्रवार होता.

वडीलधाऱ्यांमध्ये रात्री बोलणे झाले. थांबायचे की नाही? बर्फ आणता आला असता. शनिवारपर्यंत थांबा, असे चुलते म्हणत होते. मय्यतीला उशीर करू नये, असे इमामसाहेबांचे म्हणणे होते, पण त्यांनीही आग्रह धरला नाही. थोरल्या मुलाला विचारा, म्हणाले. भाईजानांनी फोनवर थोडा वेळ काहीच उत्तर दिले नाही. मग म्हणाले, "माझ्यासाठी अब्बांना थांबवू नका."

शुक्रवारी दुपारी अडीच वाजता आम्ही कब्रस्तानात होतो. भाईजानांचा फोन चुलतभावाने कानाशी धरला होता. जेद्दात तेव्हा बारा वाजले होते. आमची जुमा झाली होती, त्यांची अजून व्हायची होती. ते तिथल्या मशिदीत सफेत बसले होते आणि इकडे आम्ही माती देत होतो. मुलांनो, दोन शहरांच्या वेळेतला फरक भूगोलाच्या तासाला मी दरवर्षी समजावतो. रेखावृत्ते, अंश, मिनिटे, सगळे फळ्यावर काढतो. पण मला स्वतःला तो फरक समजला तो त्या दुपारी.

भाईजान शनिवारी रात्री अकराच्या विमानाने निघाले आणि रविवारी सकाळी दहा वाजता घराच्या दारात आले. आता वजाबाकी करा. गुरुवारी रात्री साडेनऊपासून रविवारी सकाळी दहापर्यंत साठ तास आणि तीस मिनिटे. त्यांतले विमानातले तास साडेचार. उरलेले छप्पन्न तास कपाट, सुट्टी, शिक्का, तिकीट, रांग आणि लोकल यांत गेले. त्या साठ तासांत एका अंतराविषयी मी कधी विचार केला नव्हता, तोही करावा लागला. भिवपुरी रोड ते घाटकोपर हे अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे. विमान तेवढे अंतर सहा मिनिटांत कापते. लोकलला पावणेदोन तास लागतात.

अम्मी त्या वेळी एक गोष्ट बोलल्या, ती मी अजून मनात घोळवतो आहे. दादाजान बोटीने निघाले तेव्हा घरच्यांनी त्यांची सगळी देणी-घेणी विचारून घेतली होती, सगळ्यांनी एकमेकांकडून माफी मागून घेतली होती. पोहोचल्याचे पत्र यायला कितीतरी दिवस लागले. ते हजला असताना त्यांची बहीण वारली. त्यांना ते परत आल्यावर बंदरावरच कळले. पण 'का आला नाहीत?' असे कुणी त्यांना विचारले नाही, आणि त्यांनीही स्वतःला विचारले नाही. आठ दिवसांच्या वाटेवरून कुणी मय्यतीला पोहोचत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. भाईजान मात्र आजही म्हणतात, "पोहोचलो असतो." बोटीच्या काळात हे दुःख नव्हते असे मी म्हणणार नाही, पण त्याला घड्याळ नव्हते. विमानाने जेद्दा पाच तासांवर आणून ठेवले आणि त्याबरोबर पोहोचण्याची आशाही आणली. ती आशा पूर्ण व्हायची तर विमान पुरत नाही. पासपोर्ट हातात लागतो, रजा लागते, आयत्या वेळच्या तिकिटाचे पैसे लागतात.

यांतल्या काही गोष्टी आता बदलल्या आहेत. सौदी अरबने २०२१ साली नियमांत सुधारणा केली आणि परदेशी कामगारांना जाण्या-येण्याचा परवाना स्वतः मागता येऊ लागला. भाईजान परवाना मोबाइलवर काढतात. आमच्याकडेही पनवेलच्या बाजूला उलव्याजवळ नवी मुंबईचा विमानतळ २०२५ साली सुरू झाला आहे. नकाशा पाहिला तर तो आम्हांला सहारपेक्षा जवळचा. त्यामुळे घरापासून विमानतळापर्यंतचा हिशेब पुढे बदलत जाईल. अडीच तासांचा फरक आणि साडेतीन हजार किलोमीटर मात्र तेवढेच राहतील.

गेल्या वर्षी माझ्या आठवीच्या वर्गातल्या एका मुलीने वडिलांच्या तिकिटाची प्रत आणली. वडील दोन वर्षांनी जेद्दाहून येणार होते. सुटण्याची वेळ रात्री साडेदहा, पोहोचण्याची पहाटे साडेपाच. सगळ्या वर्गाने मिळून फळ्यावर हिशेब मांडला. विमानात साडेचार तास. सामान आणि तपासणी यांना सव्वा तास धरा, एक मुलगा म्हणाला. त्याचे काका नुकतेच आले होते, त्यामुळे त्याचा शब्द मानला गेला. घाटकोपरला सव्वासात. लोकल चुकली तर? म्हणून अर्धा तास वाढवला. भिवपुरी रोडला साडेनऊ. रिक्षाने घरी पावणेदहा.

शाळा साडेसातला भरते आणि पावणेदहाला आमचा मराठीचा तास असतो. मुलीने फळ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी तिने रजेचा अर्ज आणला. तो तिने मराठीत लिहिला होता, स्वतःच्या हाताने, आणि कारण स्पष्ट दिले होते: अब्बा पावणेदहाला येणार आहेत. मी 'मंजूर' लिहून खाली सही केली.